पन्हाळ्याची सहल आणि मीरासाबची बडबड

रविवार, २२ सप्टेंबर १९१२

आज पहिली सहल पार पडली आणि मी, पंचाक्षरी मास्तर, वय वर्षे अठ्ठावन्न, पेन्शनीत निघून तीन महिने झालेला माणूस, पुन्हा माणसांत आलो. हे तीन महिने घरात कसे गेले ते माझे मला ठाऊक. शांतव्वाला विचाराल तर ती म्हणेल, तिला जास्त ठाऊक.

दरबारने यंदापासून नवीनच काढले आहे. शाळांची पोरे आणि बाहेरगावचे पाहुणे यांना शनिवारी बैलगाड्यांतून पन्हाळ्याला न्यायचे, गडावर मुक्काम करायचा, रविवारी गड किंवा मसाईचे पठार दाखवायचे आणि परत आणायचे. गडाचा इतिहास सांगायला मी. रानातली झाडे-पाखरे सांगायला मीरासाब चित्तेवान. हा दरबारच्या शिकारी चित्त्यांचा जुना सांभाळणारा. गवत वाढलेले असते तोवर चित्त्यांची शिकार बंद, म्हणून तो आमच्याकडे दिला आहे. मी शाळेत होतो तेव्हा अठरा वर्षे दरसाल एक वर्ग गडावर नेत असे, पण पदरमोड करून. आता दरबारी मान आहे.

सहलींचे काम पाहणारे अंमलदार गणपतराव निघताना एवढेच म्हणाले, "मास्तर, इतिहास कमी सांगितला तरी चालेल. पोरं सुखरूप परत आणा. एक जरी कुणी कड्यावरनं धडपडलं, तर दुसऱ्या दिवशी सहली बंद."

वेढ्याची गोष्ट सांगितली तेव्हा पोरांनी भाकरी हातात धरून ठेवली होती, खायची विसरली. अजून माझ्यात दम आहे.

खोड एकच. मीरासाब फार बोलतो.

रविवार, २९ सप्टेंबर

मसाईचे पठार. फुलांचा हंगाम. मी पोरांना सांगितले, "हा बघा सगळा निळा गालिचा." यंदा निळा रंग जरा फिकाच वाटला, पाऊस कमीजास्त झाला असेल. एक पोर म्हणाले, "मास्तर, पिवळी फुलं हायत." मीरासाब लगेच मध्ये पडला, "निळी त्या अंगाला हायत, बाळ. मास्तर तिकडची सांगाल्यात."

बरे झाले. पण नंतर दिवसभर याचे तोंड बंद नाही. "आता उतार हाय, मास्तर." "आता दगडाळ हाय." "हितं पाणी साचलंय, कडंनं या." मला अठरा वर्षांची वाट हा काल आलेला माणूस सांगणार! मी म्हणालो, "मीरासाब, मी काही गडावर नवा नाही." तो म्हणाला, "न्हाई कसं, मास्तर. म्होरं करवंदीची जाळी हाय."

काय बोलावे अशा माणसाला? गाढवापुढे वाचली गीता.

रविवार, ६ ऑक्टोबर

पुसाटी बुरुजावर एक गमतीचा, पण मनाला लागणारा प्रकार झाला. बुरुजाच्या कडेला एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता. मी गोष्ट सुरू करण्याआधी त्यालाही बोलावले. म्हटले, "अहो पावणं, इकडे या, फुकट आहे." ढिम्म हलला नाही. तीनदा हाक मारली. शेवटी मीरासाब माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर. बहिरा हाय त्यो."

पोरे फिदीफिदी हसली. मीरासाबने डोळे वटारले असावेत, कारण हसू एकदम थांबले. मीही चांगले सुनावले, की दुसऱ्याच्या व्यंगाला हसू नये. त्यावर कोणी काही बोलले नाही. पोरांना पटले असे दिसते.

बुधवार, ९ ऑक्टोबर

शांतव्वाचे काहीतरीच. दिवाळीला महिना आहे आणि तिने आजच घरातल्या साऱ्या उंबऱ्यांना आणि परसातल्या पायऱ्यांना चुन्याची पांढरी पट्टी ओढली. विचारले तर म्हणाली, "दिसाया बरं दिसतंय." जेवताना तांब्या नेहमी उजव्या हाताला, ताटाला टेकवून ठेवते. एकदा मी तो डावीकडे सरकवला तर परत उजवीकडे ठेवला. "साकु," म्हणाली, म्हणजे आता पुरे. लग्नाला चाळीस वर्षे झाली पण बाईचा स्वभाव कळत नाही.

बाजारात शाई फार पातळ मिळू लागली आहे. अक्षर उमटतच नाही. म्हणून मी थोडे मोठे लिहितो. या हिशेबाने वही पौषातच संपेल.

रविवार, २७ ऑक्टोबर

आजचा दिवस वाईट गेला.

हातकणंगल्याहून आकाराम पाटील म्हणून गृहस्थ घरची आठदहा माणसे घेऊन आगगाडीने आले होते. शिवाय दोन शाळांचे शिक्षक. म्हणजे जाणती माणसे. सज्जाकोठीत मी गोष्ट अगदी रंगात आणली. बाहेर पाऊस, गडाला वेढा, आत धान्य संपत आलेले. मी बोलत बोलत पायऱ्यांकडे निघालो, हात वर केलेला, आणि ऐन वाक्यात मीरासाबने माझा दंड धरून मला मागे ओढले.

"हितं पायरी न्हाई, मास्तर. फुटलीया."

सगळ्यांसमोर! दंड धरून! जणू मी दारू पिऊन आलो आहे. आकाराम पाटील मोठ्याने म्हणाले, "आवं, मास्तरांस्नी बोलू द्या की! तुमीच बोलायला लागलाय मगाधरनं. इतिहास कुणी सांगायचा, चित्तेवानानं व्हय?"

माणसे हसली. ती मीरासाबला हसली की मला, ते मी ठरवू शकलो नाही. उरलेला सगळा गड मी कसाबसा दाखवला. वेढ्याची गोष्ट अर्धीच राहिली, आणि ती अर्धी राहिल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही, याचे मला सर्वांत वाईट वाटले.

परत येताना गाडीत तो माझ्या शेजारीच बसला. "राग आला व्हय, मास्तर?" मी तोंड फिरवले. मग घाट उतरेपर्यंत तो गप्प होता. पहिल्यांदाच.

सोमवार, २८ ऑक्टोबर

अर्ज लिहिला. गणपतरावांच्या नावे. मीरासाब बडबड करतो, पाहुण्यांसमोर अधिक्षेप करतो, तरी त्याला परत चित्तेखान्यात पाठवावे. दोन पाने झाली. रागात लिहिले, पण खोटे एक अक्षर नाही.

शांतव्वाला वाचून दाखवणार होतो. ती म्हणाली, "मला न्हाई ऐकायचं. त्या माणसाचं वाईट करू नगा." या बाईला मीरासाब कधी भेटला? मी विचारले तर म्हणाली, एकदा बाजारात भेटला होता, तुमची विचारपूस केली. माझ्या पाठीमागे माझ्याच घरी सलोखा!

अर्ज देऊन आलो.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

हुकूम झाला. मीरासाबची सहलीवरून बदली. दिवाळीनंतर मी एकटा. गणपतरावांनी मला बोलावले नाही, निरोप पाठवला.

जिंकलो, असे वाटायला हवे होते. शांतव्वाने रात्रीपासून अबोला धरला आहे.

रविवार, २४ नोव्हेंबर

काय झाले ते लिहायचे ठरवले आहे, म्हणजे उद्या मला स्वतःला फसवता येणार नाही.

वीस पोरे. मी एकटा. सकाळपासून तीनदा ठेचकाळलो. गडावरची वाट एका महिन्यात कोणी उकरून ठेवली की काय, असे वाटले. पुसाटी बुरुजावर पोचलो तर तोच बहिरा माणूस, त्याच जागी, तसाच पाठमोरा. मला त्याची दया आली. त्या दिवशी पोरे बिचाऱ्याला हसली होती. म्हटले, आपण जवळ जाऊन दोन शब्द बोलावे, ऐकू नाही आले तर नाही.

जवळ गेलो. खांद्यावर हात ठेवला. खांदा गार होता.

दगड होता तो. माणसाएवढा उंच, उभा दगड.

मागे पोरे एकदम ओरडली, "मास्तर, म्होरं जाऊ नगा!" तेव्हा वारा खालून तोंडावर येतो आहे हे कळले. दोन पावलांवर कडा होता. मी त्या दगडाला मिठी मारून खाली बसलो. पोरांनी हात धरून मला मागे आणले. मग गडाखाली, मग गाडीत. गणपतरावांनी सांगितल्याप्रमाणे पोरे सुखरूप आहेत. मास्तरच तेवढा आणावा लागला.

उतरताना मी त्यांना म्हणालो, "घरी कुणाला सांगू नका." असे सांगणारा मास्तर मी आयुष्यात पहिल्यांदा झालो.

घरी आल्यावर शांतव्वाला दौत दाखवली. "शाई पातळ आहे ना?"

तिने दौत माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाली, "काजळावानी काळी हाय ती."

"तुला ठाऊक होतं?"

"मग चुना कशाला वढला म्या?"

मला दिसत नाही. डावीकडचे तर काहीच नाही, उजवीकडचे धुरातून पाहिल्यासारखे. कधीपासून, तेही नक्की सांगता येत नाही. हे कोणाला कळले तर सहली गेल्या. मग पुन्हा ते घर, तो झोपाळा, ती दुपार. नाही, ते सोसणार नाही. गणपतरावांना सांगायचे नाही. मीरासाबलाच गुपचूप परत बोलवावे, चूक झाली म्हणावे. त्याची बडबड असली म्हणजे निभेल.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

चित्तेखान्यात गेलो होतो. मीरासाबशी गोड बोलायचे, असे घोकत गेलो.

अंगणात गाडी उभी होती. गाडीवर चित्ता बसवलेला. मला पिवळसर काहीतरी एवढेच दिसले, पण शेजारी उभ्या चमनने, म्हणजे तिथल्या दुसऱ्या चित्तेवानाने, सांगितले की जनावराच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी आहे. शिकार समोर येईपर्यंत ती काढायची नसते. गाडी हलली. मीरासाब बाजूने चालत होता आणि त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"आता उतार हाय, बेटा. आता दगडाळ हाय. घाबरायचं न्हाई. हितं पाणी साचलंय, गाडी कलंल, नीट बस. म्होरं झाड हाय, फांदी लागंल."

मी चमनला विचारले, "हा असा का बोलतो?"

"बोलायलाच लागतंय की, मास्तर. डोळं झाकल्यालं जनावर. म्होरं काय हाय ते सांगत ऱ्हायलं तर गप बसतंय. तोंड थांबलं की बिथरतंय. मीरासाबागत कुणालाच जमत न्हाई बगा. त्याच्या हातचं जनावर आजवर गाडीवरनं पडलं न्हाई."

उतार हाय, मास्तर. दगडाळ हाय, मास्तर. म्होरं करवंदीची जाळी हाय.

त्याला पहिल्याच दिवशी कळले होते. मला दोन महिने कळले नाही.

त्याच्याशी न बोलताच परत फिरलो. ज्याने मला इतके जपले, त्याला फसवून पुन्हा कामाला लावायला गेलो होतो, याची मला शरम वाटली. वाटेत दोनदा भिंतीला हात लावून उभा राहिलो.

बुधवार, २७ नोव्हेंबर

सकाळी गणपतरावांकडे. उभ्यानेच सांगितले. डोळे गेले आहेत. रविवारी बुरुजावर मरता मरता वाचलो. पोरांना गप्प राहायला सांगितले, तेही माझेच पाप. मीरासाबवरचा अर्ज मागे घेतो. सहलीचे काम सोडतो.

गणपतरावांनी मला हात धरून खुर्चीवर बसवले. म्हणाले, "मास्तर, तुमचा अर्ज मी वाचलाच नाही. वाचता आला असता तर! ओळीवर ओळ लिहिलेली. 'मीरासाब' आणि 'बडबड' एवढंच लागलं. मला तेव्हाच संशय आला. म्हणून मीरासाबला बोलावून विचारलं, मास्तरांना नीट दिसतं का रे?"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'माझ्यापरास बरं दिसतंय, साहेब.' मग मी म्हटलं, तू एवढा बडबडतोस का? तर म्हणे, 'खोड हाय. जनावरासंगं जल्म गेला. मास्तरांचा काय दोष न्हाई, मलाच काढा.' मला पटलं नव्हतं. पण ठाम बोलला, आणि मी सही केली. ती माझी चूक."

मला पुढे काही ऐकू आले नाही.

संध्याकाळी शांतव्वाला घेऊन मीरासाबच्या घरी गेलो. त्याची बायको मेहमुदा हिने पाट मांडला. मी म्हणालो, "मीरासाब, तुमच्यावर अर्ज मी केला होता."

"ठाव हाय की."

"मग साहेबांना खरं का सांगितलं नाही?"

तो हसला. "आवं मास्तर, साधा हिशेब. खरं सांगितलं तर तुमची सहल गेली. खोटं सांगितलं तर माझी. माझं काय, मला चित्ता हाय. तुमाला काय हाय?"

मी रडलो. परक्याच्या घरी, दोन बायकांसमोर, तोंड झाकून रडलो. लिहायला लाज वाटत नाही. मेहमुदा म्हणाली, "रडू द्या त्यांस्नी. डोळं साफ हुत्यात." मीरासाबने तिला गप्प केले, आणि मग आम्ही चौघेही हसलो, कारण हसण्यावाचून दुसरे काही करण्यासारखे नव्हते.

मंगळवार, ३ डिसेंबर

डॉक्टरांना दाखवले. डावा गेला. उजव्याचे बघू म्हणाले, उन्हाळ्यात. आशा धरा म्हणाले नाहीत, सोडा असेही म्हणाले नाहीत.

गणपतरावांचा निरोप: शिमग्यापर्यंत सहली मीरासाबच्या हाताखाली चालतील. मास्तरांना यायचे असेल तर यावे, पण मीरासाब सांगतील तिथेच पाऊल टाकावे. मी हो म्हटले. शांतव्वा अडवील वाटले होते, तर तिने माझा जुना कोट उन्हात घातला.

रविवार, १५ डिसेंबर

आता एका पानावर सातच ओळी बसतात. तरी आजचे लिहायलाच हवे.

मुलींच्या शाळेची सहल होती. पंधरा मुली आणि त्यांना सांभाळायला शाळेतली पाणी भरणारी म्हातारी, तिला सगळ्या आक्का म्हणतात. गाडीतून उतरताच मी सांगून टाकले, "पोरींनो, मला दिसत नाही. समोर काय आहे ते तुम्ही सांगायचं. तिथे काय घडलं ते मी सांगीन. पायाखाली काय आहे ते मीरासाब सांगतील."

सुरुवातीला लाजल्या. मग जी सुरुवात झाली ती थांबेना. "मास्तर, भिंतीत पिंपळ उगवलाय." "मास्तर, दगडाला शेंदूर हाय." "मास्तर, तिथं एक सरडा मान हलवतोय." एरवी माझ्या गोष्टीत पोरे गुंग होत, पण गड बघत नसत. आज गड बघता बघता गोष्ट ऐकत होत्या. वेढ्याची गोष्ट मधेच थांबवावी लागली, कारण एका मुलीला घार दिसली, आणि मीरासाब म्हणाले की ती घार नव्हे, गरुड. मला राग आला नाही.

तीन दरवाजाच्या कमानीखाली आलो. मी माझ्या ठरलेल्या जागी उभा राहिलो, घसा साफ केला आणि विचारले, "काय दिसतं?"

मुली एकमेकींत बोलू लागल्या. तेवढ्यात आक्का, जिने सकाळपासून चकार शब्द काढला नव्हता, खणखणीत आवाजात म्हणाली, "मास्तर, वर बगा की. न्हाई, तुमी कसं बगणार! कमानीच्या आत पाकोळ्यांची घरटी हायत. चिखलाची. ढीगभर. एक चिकटून एक. पिल्लं तोंडं भाईर काढून वरडाल्यात."

"नवीन दिसतात," मी म्हणालो.

मीरासाब वर बघत म्हणाले, "न्हाई, मास्तर. लई जुनी हायत. थर चढल्यात."

मी कान दिला. चिवचिव ऐकू आली, बारीक, न थांबणारी. ओळखीची होती. अठरा वर्षे याच कमानीखाली उभा राहून मी ती ऐकली होती, आणि दर वेळी मागे वळून पोरांना दरडावले होते, "कुजबुजू नका, गप्प बसा!"